सृष्टी खुर्चीवर बसत नाही

पाथर्डी फाटा, नाशिक
१२ जुलै २०२०

हौसाताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे बरे आहोत. घरात मोबाइल दोनच. एक तुमचे भाऊ कंपनीत नेतात, दुसरा सकाळी साडेआठपासून सृष्टीच्या शाळेला लागतो. दुपारी तो मोकळा होतो तेव्हा तुमच्या पाड्यावर रेंज नसते. आणि खरं सांगायचं तर या दोन खोल्यांत सृष्टीच्या कानावर न जाता काही बोलायची सोयच नाही. तिचा एक कान कायम माझ्याकडे असतो. शाळेकडे नसला तरी.

ती तिसरीत गेली. शाळा झूमवर भरते. सेहेचाळीस मुलं, छोट्या छोट्या चौकटींत. मॅडम नवीन आहेत, वयाने लहान, पण चांगल्या वाटतात. सृष्टी जरा चुळबुळी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. पाच मिनिटं बसते, मग टेबलाखाली जाते. पाणी पिऊन येते म्हणून उठते आणि गॅलरीत कबुतरांशी बोलत बसते. परवा मॅडम हातच्याची वजाबाकी शिकवत होत्या, तर हिने मोबाइल उचलून सगळ्या वर्गाला आमच्या मोरीतली पाल दाखवली. मुलं एवढी हसली की मॅडमना तास थांबवावा लागला.

माझं शिवणकाम चालू आहे. ब्लाउज बंद झाले, पण मास्क शिवायला येतात. मशीनचा आवाज वर्गात जातो म्हणून तिचा तास संपल्यावरच बसते.

तुम्ही वीस वर्षं मुलांना शिकवता. ती एका जागी बसावी म्हणून काही करता येईल का, तेवढं कळवा. बाकी काळजीसारखं काही नाही.

तुमची
तेजस्विनी

(पाकिटात घडी केलेला वहीचा तुकडा)

आत्या मी पण पत्र लिहीते. आई मास्क मोजते आहे तिला माहीत नाही. आई मला शाळेत ओढणीने खुर्चीला बांधते. निळी ओढणी. मी खुर्चीसकट चालते. गोगलगाय अशीच चालते का? तुझ्याकडे गोगलगाय आहेत का? सृष्टी


उंबरपाडा, ता. पेठ
२४ जुलै २०२०

प्रिय तेजू,

तुझं पत्र पोस्टमनने चिखलातून चालत आणून दिलं. माझ्या नावाचं हाताने लिहिलेलं पत्र किती वर्षांनी आलं म्हणून सांगू! दोनदा वाचलं.

सृष्टीचं तू फार मनाला लावून घेऊ नकोस. या वयात मुलं अशीच. तिची चिठ्ठीही मिळाली. (तिला रागावू नकोस, तुझ्या नकळत टाकली आहे तिने.) ओढणीचं वाचून मला हसू आलं. आमच्या विंचूरच्या शाळेत गुरुजी तुझ्या नवऱ्यालाच, महेशला, बाकाच्या पायाला बांधायचे, दप्तराच्या पट्ट्याने. त्याचं काय वाईट झालं?

मी सांगते तसं कर. वेळापत्रक लिहून भिंतीवर लाव. खिडकीला पडदा लाव, म्हणजे कबुतरं दिसणार नाहीत. रोज पाच बदाम भिजवून दे. आणि एकदा सांगितलेलं ऐकलं नाही, तर जरा कडक हो. तू फार मऊ आहेस. माझी पहिली नेमणूक याच शाळेवर होती, तेव्हा ललिता नावाची एक मुलगी अशीच होती. हातपाय म्हणून गप्प नसायचे. मी तिला वर्गाबाहेर उभी करायचे. आठ दिवसांत सरळ झाली.

इथे शाळा बंद, पण मुलांचं शिकणं बंद ठेवून चालणार नाही. मी ओसऱ्यांवर वर्ग घेते. आज चिमणाबाईच्या ओसरीवर, उद्या दुसऱ्या कुणाच्या. सात-आठ मुलं, लांब लांब बसवलेली.

सृष्टीला सांग, गोगलगायी खूप आहेत, पण खुर्चीवाली एकही नाही.

तुझी
हौसाताई


नाशिक
२१ ऑगस्ट २०२०

हौसाताई,

तुमच्या पत्राला महिना होत आला. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. आज सगळं खरं लिहिते.

तुम्ही सांगितलं तसं केलं. वेळापत्रक लावलं, पडदा लावला, बदाम दिले. कडकही झाले. ओढणी तर मी आधीपासूनच बांधत होते आणि ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. पडू नये म्हणून बांधते असं मी स्वतःला सांगायचे. ती पडत नाही, ताई. ती फक्त उठते.

पाच तारखेला सकाळी ती तिसऱ्यांदा उठली आणि मी शिवणाच्या लाकडी पट्टीने तिच्या पोटरीवर मारलं. जोरात. वळ उठला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मी नाही उठले. पाय उठले."

त्या दिवशी तिने वर्गात बहुतेक मध्येच गाणं म्हटलं. मॅडमनी तिला बाहेर ठेवलं. या झूमच्या वर्गाला एक बाहेरची खोली असते. खरी खोली नव्हे, मोबाइलवर नुसती एक ओळ येते की थांबा, तुम्हाला थोड्या वेळात आत घेतलं जाईल. मी स्वयंपाकघरात होते. घरात आवाज नाही, म्हणून मला वाटलं, आज लक्ष लागलंय. कुकर उतरवला, पोळ्या केल्या. पाऊण तासाने बाहेर आले तर ती खुर्चीत मांडी घालून, पाठ ताठ करून, ओठांवर बोट ठेवून बसली होती. ओढणी न बांधता. समोर तीच ओळ. वर्ग कधीच संपला असणार.

मला बघून हळूच म्हणाली, "आई, मी आता शहाण्यासारखी बसलेय. पण मॅडमना दिसतच नाही."

ताई, मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

एवढ्यावर थांबलं नाही. शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा हिचं नाव काढून घ्या, पुढच्या वर्षी परत तिसरीत घालू, इतर मुलांना त्रास होतो. दहा सप्टेंबरपर्यंत कळवायचं आहे. हे म्हणतात, विंचूरला काकांकडे पाठवू, मोकळ्या रानात राहील, डोकं ताळ्यावर येईल. आमचं बोलणं तिने ऐकलं. रात्री अंथरुणात मला विचारते, "मी विंचूरला गेले की तुम्ही दुसरी मुलगी आणणार का?"

हल्ली ती स्वतःच्या कपाळावर मारून घेते. म्हणते, माझं डोकं खराब निघालं.

मी काय करू ते सांगा. पण कडक हो म्हणून सांगू नका.

तेजस्विनी


उंबरपाडा
३१ ऑगस्ट २०२०

तेजू, माझ्या पोरी,

माझं मागचं पत्र फाडून टाक. चुलीत घालायला तुझ्याकडे चूल नाही, नाहीतर तसंच सांगितलं असतं.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस वर्ग घेतला नाही. त्या ओळीसमोर बसलेली सृष्टी डोळ्यांपुढून हलेना. आणि तिच्या जागी मला सारखी ललिता दिसायला लागली. तुला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, आठ दिवसांत सरळ झाली? ती सरळ झाली नव्हती, तेजू. ती यायची बंद झाली होती. वर्ग शांत झाला, आणि मी त्याला माझं यश समजले. वीस वर्षं तसंच समजत राहिले.

ललिता याच पाड्यावर राहते. दरवर्षी द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाते, मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा नवऱ्याला नि मुलीला घेऊन चालत परत आली. तिची फुला सात वर्षांची आहे, पण माझ्या ओसरीवरच्या वर्गाला येत नाही. मला वाटायचं, आई आळशी आहे.

परवा मी तिच्या घरी गेले. ती नागलीच्या, तुमच्या नाचणीच्या, वावरातून नुकतीच आली होती. मी म्हटलं, "ललिता, तू शाळा का सोडलीस गं?"

ती हसली. "बाई, आता कशाला?"

"मला ऐकायचंय."

हातपाय धुतले, पदराला पुसले आणि मग म्हणाली, "तुमी मला भाइर उभी केली व्हती. मला वाटं, बाई आता बोलावतील, मंग बोलावतील. पोरं घरी गेली. तुमी कुलूप लावलं नि दुसऱ्या अंगानं गेल्या. मी मागल्या भिंतीशीच उभी. तुमी इसरून गेल्या बाई."

मला ते आठवतसुद्धा नाही, तेजू. तिला भिंत आठवते, कुलूप आठवतं, आणि मला काहीच नाही.

मी तिची माफी मागितली. तिला कसंसंच झालं, ती चहा ठेवायला उठली. निघताना फुलाला पाठव म्हटलं, तर मान हलवली. "नाय बाई. ती माझ्यावाणीच हाय." 

आता ऐक. सृष्टीला विंचूरला पाठवायचं नाही आणि नावही काढायचं नाही. नाशिकमध्ये मुलांच्या मनाचे, वागणुकीचे डॉक्टर आहेत. तिथे जा. आमच्या एका प्रशिक्षणात अशा मुलांबद्दल सांगितलं होतं आणि मी मागे बसून हजेरीपट पूर्ण करत होते. ही खोड नसते, आईचा लाडही नसतो, एवढं मात्र कानावर पडलं होतं. महेशला घेऊनच जा. नाही म्हणाला तर सांग, ताईने शपथ घातली आहे.

तुझ्या त्या मॅडमना मी पत्र लिहू का? तक्रारीचं नव्हे. एक मास्तरीण दुसरीला लिहिते तसं.

आणि पट्टीचं. तू मारलंस, ते चुकलं. पण तू ते लिहिलंस. मला वीस वर्षं लागली.

हौसाताई


नाशिक
४ ऑक्टोबर २०२०

हौसाताई,

किती सांगायचं आहे!

डॉक्टरबाई तीन वेळा भेटल्या. पहिल्या वेळी आम्हाला दोघांना तासभर प्रश्न विचारले, मग सृष्टीशी एकटीशी बोलल्या, शाळेकडून कागद भरून मागवले. मग म्हणाल्या, ए.डी.एच.डी. आहे. लक्ष एका ठिकाणी धरून ठेवणं आणि शरीर थांबवणं या मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी जड जातं, आणि समोर नुसता मोबाइल असला की अजूनच जड. वर्गात निदान शेजारचं मूल असतं, फळा असतो, मधली सुट्टी असते. मी विचारलं, माझं काही चुकलं का? त्या म्हणाल्या, हा आजार तुमच्यामुळे नाही, पण ओढणी आणि पट्टी आजपासून बंद. मी तिथेच रडले.

तुमच्या भावाचं सांगते. हे हाताची घडी घालून बसले होते. म्हणाले, "मी पण लहानपणी असाच होतो मॅडम. मला कुठे काय झालं?"

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शाळा कितवीपर्यंत केलीत?"

"आठवी."

"का सोडली?"

यांनी हाताची घडी सोडली. म्हणाले, "आठवीपर्यंत गृहपाठ ताई करून द्यायची. मग ताईचं लग्न झालं."

ताई, तुम्ही हे मला बारा वर्षांत कधी सांगितलं नाहीत! बाहेर आल्यावर यांनी गाडी काढली नाही. सृष्टीला फुटपाथवरून पुढे-मागे उड्या मारू दिल्या आणि बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "विंचूरचं राहू दे."

मी शाळेचा पत्ता कळवल्यावर तुम्ही लिहिलेलं पत्र मॅडमना पोचलं. त्यांनी फोन केला. मी मनात किती बोलून ठेवलं होतं त्यांना. पण त्याच आधी रडल्या. त्यांना दहा महिन्यांचं बाळ आहे, ते मांडीवर घेऊन त्या सेहेचाळीस मुलांना शिकवतात. म्हणाल्या, "त्या दिवशी बाळ पलंगावरून पडलं. मी वर्ग तसाच बंद करून पळाले आणि सृष्टीला बाहेर ठेवलंय हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही." मी बाळाला लागलं का ते विचारलं. मुख्याध्यापकांकडून मी थोडी मुदत मागून घेतली होती, त्यांच्याकडे त्या स्वतः गेल्या. नाव राहिलं.

आता सृष्टी उभ्याने शिकते. मोबाइल फ्रिजवर ठेवते मी. दहा मिनिटं झाली की मॅडम तिला काहीतरी काम सांगतात, कॅमेरा बंद करून ती घरभर एक चक्कर मारून येते. हातात कणकेचा गोळा असतो. इंग्रजीचा तास आम्ही सोडूनच दिलाय, तो मॅडम आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि सृष्टी झोपाळ्यावर ऐकते.

सगळं छान झालं असं नाही. काल तिने मास्कची नाडी कापून कबुतराला घर केलं आणि मी ओरडले. नुसती ओरडले. डॉक्टरबाई औषधाबद्दलही बोलल्या आहेत. पुढच्या भेटीत ठरवायचं. मला भीती वाटते.

तुमची
तेजू


उंबरपाडा
१६ ऑक्टोबर २०२०

तेजू,

गृहपाठाचं खरं आहे. मला वाटायचं, भावावर माया करतेय. मास्तरांना कळू नये म्हणून त्याच्यासारखं गिचमिड अक्षर काढायचे, मुद्दाम दोन चुका करायचे. लग्न ठरलं तेव्हा तो मला म्हणाला होता, "ताई, आता माझं कसं?" मी हसले होते. महेशला म्हणावं, ताईला ते आत्ता समजलं.

औषधाला भिऊन नाही म्हणू नकोस आणि मी सांगते म्हणून हो पण म्हणू नकोस. मनात असतील ते सगळे प्रश्न कागदावर लिहून ने आणि डॉक्टरबाईंना एकेक करून विचार. शेजारणींना विचारू नकोस. मलाही नको. बदामवाली आत्या आहे मी.

दिवाळीनंतर सृष्टीला आठ-दहा दिवस माझ्याकडे पाठव. सुधारायला नाही. मला तिला बघावंसं वाटतंय. तुझी पण झोप होईल. मॅडमना विचार, आठवड्याचं काम कागदावर देतील का.

हौसाताई


उंबरपाडा
२३ नोव्हेंबर २०२०

तेजू आणि महेश,

आपल्या पाड्यावरचा दिनेश भाजीची गाडी घेऊन नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे देते.

तुमची लेक खुशाल आहे. आल्यापासून चार दिवसांत तिने एक चप्पल हरवली, कंदिलाची काच फोडली, चिमणाबाईच्या कोंबडीला पिल्लांसकट माझ्या खोलीत आणलं. गोळी तू लिहून दिलीस तशी नाश्त्यानंतर देते. दुपारी जेवण कमी जातं, म्हणून संध्याकाळी भाकरी जास्त टाकते. कामाच्या कागदांतले अर्धे झालेत. उरलेले होतील का, सांगता येत नाही. काही चमत्कार झालेला नाही, हे आधी लिहून टाकते.

ओसरीवर मी तिला मुलांमध्ये बसवलं. दहाव्या मिनिटाला उठली. मी म्हटलं, जा, त्या आंब्यापर्यंत पळून ये. ती पळाली. तेवढ्यात दुसरी दोघं माझ्याकडे बघायला लागली, बाई आम्ही पण? मी म्हटलं, जा. मग सगळीच पळाली. आता रोज दर धड्याला माझा वर्ग आंब्याला हात लावून येतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

काल ललिता आंब्याखालून चालली होती, डोक्यावर नागलीच्या कणसांची पाटी. मुलं धावत आली तशी थांबली. तिने विचारलं, "बाई, ही पोरं पळतात, नि तुमी काय नाय म्हणत?"

मी म्हटलं, "पळून परत येतात की."

तिने पाटी खाली उतरवली. सृष्टीने तिच्या पाटीतलं एक कणीस ओढलं आणि शंभर प्रश्न विचारले. ललिता एकेकाचं उत्तर देत राहिली.

आज सकाळी मी खडू काढत होते, तर ती दारात. फुलाचं बोट धरून. फुलाचे केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले. ललिता मला म्हणाली, "भाइर उभी नका करू बाई." एवढंच. आणि वावरात निघून गेली.

फुला सृष्टीशेजारी बसली आहे. दोघी मिळून माझा जीव खाताहेत.

हौसाताई


नाशिक
२७ नोव्हेंबर २०२०, शुक्रवार

हौसाताई,

हे पत्र तुम्हाला आमच्यानंतर मिळणार. परवा रविवारी सकाळी आम्ही दोघं सृष्टीला घ्यायला निघतोय. तरी लिहिते, कारण तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

दिनेशकडून पत्र मिळालं. ते मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. फुलाचं आलं तेव्हा हे उठून गॅलरीत गेले.

तुम्ही म्हणालात तशी मी झोपले. दोन दिवस दुपारीसुद्धा झोपले. सगळे मास्क वेळेत शिवून झाले. घर आवरलं की आवरलेलंच राहतं. जिथे कात्री ठेवावी तिथेच ती सापडते. किती महिने मी देवाला हेच मागत होते, की एक तास, फक्त एक तास या घरात शांतता मिळू दे.

आज साडेआठला सवयीने मोबाइल फ्रिजवर ठेवला. मॅडमच्या वर्गाची लिंक उघडली, का ते मलाही कळलं नाही. चौकटी उघडल्या, मुलं दिसायला लागली. मॅडमनी मला बघितलं, बाळाला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "सृष्टी कधी येणार आहे हो? वर्ग फार शांत झालाय."

ताई, मी कॅमेरा बंद केला आणि तिथेच फ्रिजला टेकून उभी राहिले. घरात नळाचा थेंबही ऐकू येत होता. मला नको आहे ही शांतता. एक दिवसही नको.

संध्याकाळी हे आले ते रविवारसाठी गाडी धुऊनच आले. अजून दोन दिवस आहेत म्हटलं, तर म्हणाले, "असू दे. तिने विचारलं तर सांगता येईल, कधीपासून निघालो होतो ते."

तुमची
तेजू